हलवून बघणारी मावशी

कुणाच्या घरी गेलं की माणसं आधी टेकतात, पाणी मागतात, फार तर भिंतीवरचे फोटो बघून "हे कोण?" असं विचारतात. मावशी आधी कपाटाला हात लावायची. उंच कपाट, पुस्तकांची मांडणी, काचेचं शोकेस, जे काही जमिनीवर नुसतं उभं असेल आणि माणसाच्या डोक्यावर जात असेल, त्याच्या वरच्या कोपऱ्याशी ती तळवा टेकवायची आणि इतकंसं ढकलून बघायची. ते हललं तर तिच्या कपाळावर एक आठी पडायची. नाही हललं तर दोन, कारण मग ते का हलत नाही हे वाकून बघेपर्यंत तिला चैन पडत नसे. यजमान बिचारे पाण्याचा पेला हातात धरून उभे.

ती एका सार्वजनिक वाचनालयात परिचर होती. परिचर म्हणजे पुस्तकांवरची धूळ झटकायची, वाचकांनी भलतीकडे खोचलेली पुस्तकं जागच्या जागी लावायची आणि ग्रंथपालसाहेबांचा चष्मा त्यांच्याच कपाळावरून शोधून द्यायचा. हे काम तिने एकोणीस वर्षं इमानेइतबारे केलं. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे वाचकही तिला मावशी म्हणायचे. पाठ फिरली की मात्र भोकमावशी. ही पदवी तिला उतारवयात मिळाली आणि ती मिळण्याचं कारण होतं तिच्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे तिचे मेहुणे.

मेहुणे विमा कंपनीत होते. कुणाचं कधी काय होईल याचा नेम नाही, हे दिवसभर चार लोकांना पटवून द्यायचं आणि संध्याकाळी निर्धास्तपणे घरी यायचं, असा त्यांचा व्यवसाय. त्यांनी एकदा घरी नवी मांडणी आणली. खाली पाच ड्रॉवर, वर तीन फळ्या. खोक्यातून सुटी आलेली, घरी जोडून घ्यायची. मेहुण्यांनी ती एका रविवारी जोडली, म्हणजे त्यांनी सूचनांचा कागद बाजूला ठेवला आणि बहिणीने सगळं सामान हातात दिलं. जोडून झाल्यावर एक पुडी उरली. तिच्यात एक जाड कापडी पट्टी, दोन लोखंडी कोनपट्ट्या आणि चार स्क्रू. मेहुण्यांनी ती पुडी ट्रॉफीसारखी वर धरली.

"बघा! मी इतकं चपखल बसवलंय की सामान उरलं!"

सगळ्यांनी कौतुक केलं. मावशीनेही केलं. पुढे कितीतरी दिवस तिला त्या कौतुकाची लाज वाटत राहिली.

चारेक महिन्यांनी एका दुपारी मावशी बहिणीकडे गेली होती. बहीण स्वयंपाकघरात, मावशी खाटेवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालतेय, आणि भाची खोलीत खेळतेय. भाची साडेतीन वर्षांची. तिला घरात चिमणी म्हणायचे, तरी तिचा आवाज कावळ्याचा आणि अंगातली खोड माकडाची. तिचे रंगीत खडू मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलेले. तिचा हात पोचू नये म्हणून. मोठ्यांची अक्कल ही अशी असते, लहान मुलाला जे हवं ते उंच ठेवायचं आणि मग त्याने वर बघू नये अशी अपेक्षा करायची.

चिमणीने खालचा ड्रॉवर पूर्ण ओढला. त्याच्या वरचा थोडा कमी. त्याच्या वरचा आणखी कमी. झाला जिना. शाळेत न जाता पोरीला जे सुचलं ते मेहुण्यांना पदवी घेऊनही सुचलं नव्हतं. ती दुसऱ्या पायरीवर चढली आणि मांडणीने मान टाकली.

मावशीने पाहिलं नाही, ऐकलं. पाचही ड्रॉवर एकदम सरकल्याचा सर्रकन आवाज. तिने मान वळवेपर्यंत मांडणी आडवी झाली होती. वरची कड येऊन खाटेच्या कठड्यावर आदळली, मावशीच्या मांडीपासून वीतभर अंतरावर. मांडणी आणि जमीन यांच्यामध्ये तिरपी, दीड हाताची फट राहिली. त्या फटीत चिमणी होती.

खांद्याजवळचं हाड मोडलं. तीन आठवडे हात गळ्यात. बाकी काही नाही. मावशीला पुढे ते सगळं आठवायचं, तेव्हा आधी खाट आठवायची. आठवडाभरापूर्वी ती खाट खिडकीपाशी होती. दुपारी डोळ्यावर ऊन येतं म्हणून बहिणीने ती अलीकडे ओढली होती. एवढंच. पोरगी वाचली ती आईबापाच्या काळजीने नाही, मावशीच्या पहाऱ्यानेही नाही. ऊन आलं म्हणून वाचली.

मग भेटायला माणसं आली. माणसं आली की मतं येतातच. एक म्हणाले, मुलगीच द्वाड आहे. दुसरे म्हणाले, हल्लीच्या लाकडात दम नाही. मामेभावाने ड्रॉवरना कुलपं लावायचा सल्ला दिला. मेहुण्यांनी कंपनीला पत्र लिहायचं जाहीर केलं आणि आलेल्या प्रत्येकाला त्या पत्राचा मजकूर तोंडी ऐकवला. कागदावर तो अजून उतरायचा आहे.

मावशी बहिणीला म्हणाली, "ती पुडी कुठे आहे?"

"कुठली पुडी?"

"उरलेली. यांनी वर धरून दाखवली होती ती."

पुडी सापडली. संपलेले सेल, तुटके रबरबँड आणि कशाच्या आहेत ते कुणालाच ठाऊक नाही अशा चाव्या ज्या खणात असतात, तो खण प्रत्येक घरात असतो. पुडी त्यात होती. सूचनांचा कागदही तिथेच, घडीसुद्धा न मोडलेला. मावशीने घडी उलगडली. पहिल्याच पानावर चित्र होतं. ड्रॉवरवर चढलेलं मूल, पुढे कललेली मांडणी आणि वर लाल फुली. शेजारी दुसरं चित्र, मांडणी पट्टीने भिंतीला बांधलेली. खाली दहा-बारा भाषांत मजकूर. मेहुण्यांना त्यातल्या दोन उत्तम येत होत्या.

"अहो ताई, हे सगळे कायद्याच्या भीतीने छापतात," मेहुणे म्हणाले. "वाचतं कोण?"

"बरोबर आहे," मावशी म्हणाली. "तुमच्या पॉलिसीचे कागद तरी कोण वाचतं?"

त्यानंतर मेहुणे दोन महिने तिच्याशी कामापुरतंच बोलत. त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालय सुटल्यावर मावशी हार्डवेअरच्या दुकानात गेली. दुकानदार गल्ल्यामागे पेपर वाचत बसलेला.

"भिंतीत भोक पाडायचं मशीन हवंय."

"कोण वापरणार?"

"मी."

दुकानदाराने पेपर खाली केला. "घरच्या साहेबांना पाठवा ना. त्यांना नीट समजावून सांगतो."

"साहेबांना गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते समजवायला मला सात वर्षं लागली. तुमच्याकडे तेवढा वेळ आहे का? मलाच सांगा."

दुकानदाराने सांगितलं, आणि खरं तर छान सांगितलं. भोक पाडायचं, त्यात प्लास्टिकची गिट्टी ठोकायची आणि मग स्क्रू पिळायचा. स्क्रू आत गेला की गिट्टी फुगते आणि विटेला धरून बसते. विटांची भिंत असेल तर काम सोपं. पोकळ पार्टिशन असेल तर आत उभं लाकूड कुठे आहे ते ठोकून शोधायचं आणि स्क्रू त्या लाकडातच घालायचा. नुसत्या पत्र्यापुठ्ठ्यात घातला तर त्याने फक्त मनाचं समाधान होतं. आणि पट्टी मांडणीच्या मागच्या पातळ प्लायला लावायची नाही, वरच्या जाड फळीला लावायची. मावशीने सगळं वाचनालयाच्या जुन्या तारखेच्या चिठ्ठीवर लिहून घेतलं.

पहिलं भोक तिने स्वतःच्या घरी पाडलं. त्याला भोक म्हणणं हा भोकाचा अपमान ठरेल. मशीन सुरू झालं, टोक भिंतीवरून घसरत गेलं, आणि भिंतीला असा खड्डा पडला की जणू उंदराने आत जायचा विचार करून मग बदलला. नवरा बाहेर आला. तो घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून अर्ध्या तांदळाएवढे स्क्रू फिरवणारा माणूस. ते मशीन बघून त्याला वाटलं की घरात युद्ध सुरू झालं.

"अगं, तीस वर्षं उभं आहे ते कपाट. त्याला पडायचं असतं तर आपल्या पहिल्या भांडणातच पडलं असतं."

"तेव्हा त्यावर दोन बॅगा नव्हत्या. त्या तुम्ही ठेवल्या."

"त्या बॅगांत काय आहे?"

"तुम्हीच ठेवल्यात. तुम्हीच सांगा."

तो विषय तिथेच संपला. दुसऱ्या भोकाला मात्र नवरा स्वतःहून जुना लिफाफा घेऊन आला आणि तो उघडून भोकाच्या खाली भिंतीला धरून उभा राहिला. भुगा लिफाफ्यात पडायला लागला. बायकोला मदत वगैरे असा काही उदात्त हेतू नव्हता. विटेची धूळ त्याच्या उघड्या घड्याळांत जात होती. पण हेतू कसाही असो, लिफाफा धरणारा हात स्थिर होता, आणि मावशीचं दुसरं भोक सरळ पडलं. आठव्या भोकापर्यंत ती ड्रिलच्या टोकाला किती खोल जायचं त्या खुणेची चिकटपट्टी लावायला शिकली. मग बहिणीकडे जाऊन तिने ती मांडणी भिंतीला अशी जखडली की मेहुणे म्हणाले, "आता घर बदलताना काय करायचं?" मावशी म्हणाली, "भिंत सोबत न्या."

हळूहळू ती नातेवाइकांकडे, शेजारीपाजारी विचारू लागली. तुमची मांडणी बांधून देऊ का? माझं मशीन आहे, रविवारी येते, अर्ध्या तासाचं काम. लोकांना तिचं म्हणणं पटायचं. शंभर टक्के पटायचं. फक्त भिंत नवीन असायची, किंवा रंग नवीन, किंवा घर भाड्याचं, किंवा नेमकी ती भिंत नको दुसरी कुठली तरी. एका बाईंनी सांगितलं की आमची मुलं शहाणी आहेत, चढत नाहीत. मूल शेजारीच बसलेलं, सोफ्याच्या पाठीवर, घोड्यावर बसल्यासारखं. भोकमावशी हे नाव याच काळात पडलं. ते कुणी ठेवलं हे मावशीला माहीत होतं. विमा कंपनीत काम करणाऱ्या माणसाला एवढी विनोदबुद्धी असेल असं तिला आधी वाटलं नव्हतं.

मग वाचनालयाचा बालविभाग सुरू करायचा घाट घातला गेला. दिवाणखान्याएवढ्या एका दालनात मध्ये पार्टिशन घालून मुलांची खोली केली. सात नव्या मांडण्या आल्या. सात फूट उंच, हातभर रुंद, वितीहून जेमतेम जास्त खोल. तीन विटांच्या भिंतीला लावून उभ्या केल्या, चार पार्टिशनला. प्रत्येक मांडणीबरोबर एकेक पुडी आली होती. मावशीने सातही पुड्या ताब्यात घेतल्या, नाहीतर त्याही कुठल्यातरी खणात गेल्या असत्या. मग तिने पहिल्या मांडणीला तळवा लावला. ती नुसती हलली नाही, तिने मान डोलावली.

मावशी ग्रंथपालसाहेबांकडे गेली.

"साहेब, त्या मांडण्या हलतात. भिंतीला बांधायला हव्यात."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मावशी, पुस्तकं भरली की बसतील."

"पुस्तकं भरली की जोरात पडतील."

"परवाच रंग दिलाय भिंतीला. हस्तिदंती. अध्यक्षांनी स्वतः निवडलाय."

"साहेब, मुलांची खोली आहे."

साहेब वाईट माणूस नव्हते. ते फक्त ग्रंथपाल होते, आणि वीस वर्षं ग्रंथपाल राहिलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी क्रमांकाखाली लावल्याशिवाय दिसत नाही. त्यांनी अर्ज करायला सांगितलं. मावशीने केला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. भिंत ही इमारत समितीच्या अखत्यारीत येते. मांडणी खरेदी समितीच्या. स्क्रू हा अर्धा भिंतीत आणि अर्धा मांडणीत असल्याने तो नेमका कोणाच्या अखत्यारीत, हे ठरवण्यासाठी दोन्ही समित्यांची संयुक्त बैठक घ्यावी लागेल. बैठकीची तारीख यथावकाश कळवण्यात येईल.

मावशीने उत्तर दोनदा वाचलं. मग ती मुलांच्या खोलीत गेली आणि जाडजूड ग्रंथ खालच्या फळीवर, हलकी चित्रांची पुस्तकं वर, असं सगळं लावून टाकलं. निदान बूड तरी जड होईल. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते सगळं उलटं करायला लावलं. सोनेरी अक्षरांचे कोशाचे खंड खाली असले की शोभा जाते. शिवाय मुलांच्या हाती लागले तर खराब होतील. मुलांच्या खोलीत मुलांच्या हाती लागू नयेत अशी पुस्तकं कशाला ठेवायची, हे मावशीने विचारलं नाही. तिच्यासारख्यांनी काय विचारू नये, याचा धडा तिला एकोणीस वर्षांत पाठ झाला होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष पाहणीला आले. अध्यक्ष भरदार माणूस. ते खोलीत आले की खोली आपोआप लहान व्हायची. बरोबर फोटोग्राफर, साहेब आणि समितीचे तिघं. मावशी फडकं घेऊन कोपऱ्यात. पार्टिशनपाशी उभं राहून फोटो काढायचं ठरलं. दोन-तीन काढून झाले आणि फोटोग्राफरच्या अंगात कला संचारली.

"सर, जरा नैसर्गिक घेऊ या. तुम्ही वरून पुस्तक काढताय असं."

अध्यक्षांनी हात वर केला. बोटं कोशाच्या खंडापर्यंत पोचेनात. वितीएवढं अंतर राहिलं. लहान मुलाला अशा वेळी जे सुचतं तेच साठी ओलांडलेल्या माणसालाही सुचतं, हे मावशीला त्या दिवशी कळलं. अध्यक्षांनी उजवा पाय उचलून सगळ्यात खालच्या फळीवर ठेवला, वरच्या फळीला धरलं आणि स्वतःला वर ओढलं.

"साहेब, पाय!" मावशी ओरडली.

तिच्या या ओरडण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण परिचर ओरडत नसते. मांडणी पुढे कलली. मावशीने फडकं टाकलं, दोन पावलांत मध्ये घुसली, कलत्या मांडणीच्या कडेखाली खांदा घातला आणि पाय रोवून उभी राहिली. अध्यक्ष मागच्या मागे फोटोग्राफरवर गेले. वरचे खंड एकामागून एक सुटले. पहिला मावशीच्या पाठीत बसला, दुसरा जमिनीवर, तिसरा अध्यक्षांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर. तो तिसरा खंड पुढे वाचनालयाच्या इतिहासात सर्वांत परिणामकारक ग्रंथ ठरला. तो आजवर कुणी वाचला नसेल, पण त्याने एका माणसाचे विचार आमूलाग्र बदलले.

"अरे, धरा कुणीतरी!" मावशी दातओठ खाऊन म्हणाली. तेव्हा कुठे समितीच्या लोकांना आपल्याला हात आहेत याची आठवण झाली. चौघांनी मिळून मांडणी सरळ केली. मावशी बाजूला झाली. तिला फक्त एवढंच दिसत होतं की या खोलीत खाट नाही.

अध्यक्षांना खुर्ची आली, पाणी आलं, बर्फ आला. मावशीच्या पाठीचं कुणी विचारलं नाही. फोटोग्राफरने मात्र विचारलं, "मावशी, तुम्ही मध्ये आलात. फोटो बिघडला."

अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. एका मुलीचं हाड मोडलं होतं तेव्हा जगात काही हललं नव्हतं. पण अध्यक्षांच्या नखाला किंमत होती. उद्घाटन पंधरा दिवस पुढे गेलं. संयुक्त बैठक दुसऱ्याच दिवशी झाली, आणि स्क्रूच्या मालकीचा जो प्रश्न सुटणार नव्हता, तो वीस मिनिटांत सुटला. परिपत्रक निघालं. अध्यक्षांच्या दूरदृष्टीतून बालविभागातील सर्व मांडण्या आठ दिवसांत भिंतीला पक्क्या कराव्यात. मावशीने ते परिपत्रक स्वतःच्या हाताने सूचनाफलकावर लावलं. चार टाचण्या लागल्या.

मावशीला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. साहेब म्हणाले, "तुमचंच म्हणणं खरं झालं की," आणि हे वाक्य त्यांनी जरा हळू आवाजात म्हटलं. मग ठेकेदार नेमला गेला. ठेकेदाराची दोन माणसं आली, त्यांनी दुपारच्या जेवणाआधी सातही मांडण्या बसवल्या आणि भोकांभोवती हस्तिदंती रंगाचे ठिपकेसुद्धा दिले. काम समाधानकारक झाल्याचा दाखला साहेबांनी सही करून दिला.

मावशीने सगळे गेल्यावर तळवा लावला. विटांच्या भिंतीवरच्या तीन मांडण्या खडकासारख्या. पार्टिशनवरच्या पहिलीला तिने थोडं ओढलं. पट्टी आली, स्क्रू आला, गिट्टी आली, पाठोपाठ चिमूटभर पांढरा भुगा. दुसरीचंही तेच. ठेकेदाराच्या माणसांनी पार्टिशनवर टकटक करून बघायचे कष्ट घेतले नव्हते. लाकूड जिथे होतं तिथून चार बोटं बाजूला, नुसत्या पुठ्ठ्यात, रंगाच्या ठिपक्यासकट, त्यांनी चारही मांडण्यांना मनाचं समाधान बसवलं होतं.

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी दाखला दाखवला.

"मावशी, आता मी सही केलीय."

"साहेब, स्क्रू माझ्या हातात आहे."

"अहो, पण सही झालीय ना."

मावशीने टेबलावर स्क्रू ठेवला. साहेबांनी तो पेपरवेटखाली सरकवला, जणू तो उडून गेला असता.

वाचनालयाची किल्ली मावशीकडे असायची. सकाळी उघडायचं आणि संध्याकाळी बंद करायचं कामही परिचराचंच. रविवारी वाचनालय बंद. त्या रविवारी सकाळी ती ड्रिल मशीन, लाकडात घालायचे लांब स्क्रू आणि नवरा असं सगळं सामान घेऊन आली. नवऱ्याने विचारलं, "हे चालेल का?" ती म्हणाली, "चालणार नाही, म्हणूनच रविवारी आलोय." मग ती पार्टिशनला कान लावून बोटाच्या सांध्याने ठोकत गेली. डब्‌, डब्‌, डब्‌, आणि मग एका ठिकाणी टक्‌. तिथे पेन्सिलची खूण. घड्याळवाल्याचे कान तीक्ष्ण. त्याने दोन ठिकाणी तिची चूक दाखवली आणि त्याचा आनंद त्याला पुढे आठवडाभर पुरला. दुपारपर्यंत चारही मांडण्या थेट लाकडात जखडल्या. आणि मावशीने तेवढ्यात सोनेरी अक्षरांचे खंड पुन्हा खाली लावून टाकले. शोभा गेली. गेली तर गेली.

सोमवारी हे उघडकीला आलं, कारण हस्तिदंती भिंतीवर नवी भोकं होती आणि त्यांच्याभोवती ठिपके नव्हते. ठेकेदाराने लेखी कळवलं की आता कामाची हमी रद्द. ज्या कामाला धरायलाच काही नव्हतं त्याची हमी कसली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मावशीला मात्र मेमो आला. "आपण सुटीच्या दिवशी, कोणाचीही परवानगी न घेता, वाचनालयाची भिंत व मांडण्या परस्पर जोडल्याचे निदर्शनास आले आहे. तरी याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा."

मावशीने खुलासा त्याच दिवशी दिला. दोन ओळींचा. "होय, जोडल्या. सोडवायच्या असल्यास सोडवणाऱ्याचे नाव लेखी कळवावे, म्हणजे त्या दिवशी मी मुलांना आत सोडणार नाही."

सोडवणाऱ्याचं नाव काही आलं नाही. मेमो तिच्या फायलीत लागला आणि अजून आहे. उद्घाटन झालं. अध्यक्ष जरासे लंगडत आले, फीत कापली, सुरक्षिततेवर पंधरा मिनिटं बोलले, ठेकेदाराचा सत्कार केला. मावशी मागे भिंतीला टेकून उभी होती. मुलं आत सुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एक मुलगी खालच्या फळीवर पाय देऊन चढली, वरचं चित्रांचं पुस्तक काढलं आणि उतरली. मांडणी जागची हलली नाही. काहीच झालं नाही. आणि ज्या गोष्टीत काहीच होत नाही तिची बातमी होत नाही, तिच्यावर भाषण होत नाही, तिचा सत्कारही होत नाही. मावशीने ते पाहिलं आणि तिला एकदम इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईला वाटलं, भाषणाने आलं.

त्यानंतर मुलांना घेऊन येणाऱ्या आया तिला विचारू लागल्या. मावशी, आमच्या घरी बघाल का? तिने वर्षभरात किती घरं केली ते मोजलं नाही. लोक अजूनही भिंत नवीन आहे म्हणायचे, पण आता म्हणता म्हणता खुर्ची बाजूला सरकवून जागा करून द्यायचे.

एके दिवशी वाचनालय बंद करताना ग्रंथपालसाहेब दारात घुटमळले. चष्मा डोळ्यांवरच होता, म्हणजे काम दुसरं होतं.

"मावशी, रविवारी जरा वेळ आहे का?"

"कशाला साहेब?"

"नात आलीय राहायला. वर्षाची. उभी राहते आता. धरून धरून." ते थांबले. "पुस्तकांच्या कपाटाला धरते."

"परवानगी?" मावशीने विचारलं.

साहेब आधी गोंधळले, मग कानापर्यंत लाल झाले. "मी तोंडी देतो," ते म्हणाले.

रविवारी ती गेली. घरात पुस्तकंच पुस्तकं. साहेबांच्या बायकोने ड्रिल मशीन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, भिंतीला भोकं? आत्ता तर रंग दिलाय."

त्यावर साहेब पुढे झाले आणि त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. पुस्तकं भरली की कपाट बसत नाही, उलट जोरात पडतं. जड खाली, हलकं वर. पोकळ भिंत असेल तर लाकडातच स्क्रू. "मी हे किती दिवसांपासून म्हणतोय," ते म्हणाले, "पण या घरात माझं ऐकतं कोण?"

नात कपाटाची कड धरून डुलत उभी होती. मावशीने तिला अलगद उचलून साहेबांच्या हातात दिलं.

"साहेब, हिला धरा घट्ट," ती म्हणाली, "आणि जरा बाजूला व्हा. तुम्ही उभे आहात नेमकं तिथेच भोक पाडायचंय."